नगरपरिषदेत संघटना आणि प्रशासन यांची बैठक कशी चालवावी: नव्यानं जबाबदारी घेणाऱ्यांसाठी

पावसाळ्याच्या तोंडावर आमच्या नगरपरिषदेत गमबुटांची गाडी आली. सगळे जोड आठ, नऊ आणि दहा नंबरचे. झाडलोटीच्या कामावर निम्म्याहून जास्त बायका, त्यांच्या पायाला चार-पाच नंबर लागतो. एका ताईंनी बुटात जुनं फडकं कोंबून आठवडाभर काम केलं. मग टाचेला फोड आले आणि त्या पुन्हा स्लीपरवर आल्या, गटाराच्या कडेला, भर पावसात. खरेदी नियमानं झाली होती, दर चांगला मिळाला होता, लेखापरीक्षणात एक शब्द निघाला नाही. ऑर्डर देण्याआधी हजेरी शेडवर जाऊन मापं मात्र कोणी घेतली नव्हती. संघटनेच्या मागणीपत्रातही 'गमबूट मिळावेत' एवढंच लिहिलं होतं. ते पत्र मी लिहिलं होतं, म्हणून ही गोष्ट मला विसरता येत नाही.

मी त्या वेळी संघटनेचा चिटणीस होतो. पुढे निवृत्तीपर्यंत आस्थापना विभागात बसलो, म्हणजे निवेदन देणाऱ्या बाजूला आणि निवेदनावर टिपणी ठेवणाऱ्या बाजूलाही. दोन्हीकडची अडचण जवळून पाहिली. डिसेंबर 2025 मधल्या निवडणुकांनंतर, जिथे कित्येक वर्षं प्रशासक होते अशा नगरपरिषदांत पुन्हा नगराध्यक्ष आणि नगरसेवक आले आहेत. त्यातले बरेच पहिल्यांदाच निवडून आलेत. संघटनांमध्येही नवी मुलं पदावर येत आहेत. त्यांच्यासाठी आणि नव्यानं रुजू होणाऱ्या मुख्याधिकाऱ्यांसाठी हे लिहितो आहे. उदाहरणं सफाई खात्यातली आहेत, कारण मला तेच खातं माहीत आहे. पाणीपुरवठा, दिवाबत्ती, अग्निशमन यांनाही यातलं बहुतेक लागू पडेल.

कायद्याचं आधी सांगतो

'नगरपालिकेचं काम म्हणजे सरकारी सेवा, इथे कसले औद्योगिक विवाद?' असं अजूनही कानावर येतं. हा वाद आपल्याच नागपूरच्या महापालिकेच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं 1960 साली ऐकला आणि महापालिकेची बहुतेक खाती 'उद्योग' या व्याख्येत बसतात असं ठरवलं. कचरा उचलणारा, पाणी सोडणारा माणूस कामगार कायद्याच्या बाहेर नाही, हे तेव्हापासून पक्कं आहे.

1926 चा कामगार संघटना कायदा आणि 1947 चा औद्योगिक विवाद कायदा यांच्या जागी आता औद्योगिक संबंध संहिता, 2020 आली आहे. ती 21 नोव्हेंबर 2025 पासून लागू झाली. त्यातल्या चार गोष्टी डोक्यात ठेवल्या तरी बैठकीला बसता येतं. वीस किंवा जास्त कामगार असतील तिथे तक्रार निवारण समिती हवी. तिच्यात दोन्ही बाजूंचे सारखे सदस्य, एकूण दहापेक्षा जास्त नाहीत, आणि कामगारांत बायकांचं जेवढं प्रमाण तेवढं तरी समितीत. तक्रार वर्षाच्या आत द्यायची आणि समितीनं तीस दिवसांत काम संपवायचं. दुसरी गोष्ट वाटाघाटी कोणी करायच्या याची: एकच संघटना असेल तर ती, अनेक असतील तर ज्या संघटनेकडे हजेरीपटावरचे 51 टक्के कामगार असतील ती, आणि कोणाकडेच तेवढे नसतील तर वाटाघाटी परिषद, जिच्यात 20 टक्क्यांना एक या हिशेबानं प्रतिनिधी बसतात. तिसरी, कामाच्या वेळा, पाळ्या, भत्ते यांत बदल करायचा तर साधारणपणे 21 दिवसांची आगाऊ सूचना लागते. चौथी संपाची, तिच्याकडे शेवटी येतो.

महाराष्ट्रात कामगार संघटनांना मान्यता देणाऱ्या 1971 च्या राज्य कायद्याखाली मान्यता घेतलेल्या संघटना आहेत. तुमची तशी असेल तर त्या मान्यतेचा आणि नव्या संहितेचा मेळ कसा बसतो, हे कामगार उपायुक्तांच्या कार्यालयातून लेखी मागवून घ्या. तोंडी सल्ल्यावर राहू नका.

केंद्र सरकारच्या कर्मचाऱ्यांसाठी 1966 पासून संयुक्त सल्लागार यंत्रणा आहे. 1960 च्या मोठ्या संपानंतर ती आली. आपल्या छोट्या नगरपरिषदेत असं काही आयतं मिळेल याची वाट पाहू नका. ते आपणच उभं करायचं असतं, आणि त्याला फार पैसा लागत नाही: एक खोली, एक रजिस्टर आणि ठरलेला वार.

पहिली पायरी: मागणी कोणाच्या हातात आहे ते शोधा

नव्या पदाधिकाऱ्याची सगळ्यात मोठी चूक इथे होते. पंचवीस मागण्यांचं एक निवेदन तयार होतं. त्यात जुनी पेन्शन असते, वारसा हक्कानं नेमणूक असते, सातव्या वेतन आयोगाच्या फरकाची थकबाकी असते आणि सोळाव्या क्रमांकावर हजेरी शेडच्या नळाला पाणी नाही हेही असतं. मुख्याधिकारी निवेदन वाचतात, जुन्या पेन्शनपाशी थांबतात आणि म्हणतात, 'हे माझ्या हातात नाही.' ते खरंच बोलत असतात. पण त्या एका वाक्याबरोबर नळही राहून जातो.

म्हणून निवेदन लिहायला बसण्याआधी एक कोरा कागद घ्या आणि त्याचे चार भाग करा. पहिल्या भागात मुकादम आणि स्वच्छता निरीक्षक सोडवू शकतील अशा गोष्टी: कोणाला कोणता बीट (झाडायचा ठरलेला भाग), सुट्टीच्या पाळीचा क्रम, शेडची चावी, फावडं-घमेलं, झाडूचे दांडे. दुसऱ्यात मुख्याधिकाऱ्यांच्या अधिकारातल्या: पगाराची तारीख, सेवापुस्तकातल्या नोंदी, आश्वासित प्रगती योजनेचे (बढती न मिळालेल्यांना वरची वेतनश्रेणी) 10-20-30 वर्षांचे लाभ, निवृत्त झालेल्यांचं उपदान (ग्रॅच्युइटी) आणि रजा रोखीकरण, गणवेश, बूट. तिसऱ्यात सर्वसाधारण सभेचा ठराव किंवा अंदाजपत्रकात तरतूद लागेल अशा: नवी शेड, बायकांसाठी शौचालय आणि कपडे बदलायची खोली, वार्षिक आरोग्य तपासणी, जास्तीची घंटागाडी. चौथ्यात मंत्रालयातून सुटणाऱ्या: पेन्शन, आकृतिबंध (मंजूर पदांचा आराखडा), नवी पदं, लाड-पागे समितीच्या शिफारशींनुसार वारसांच्या नेमणुकांचं धोरण.

चौथ्या भागासाठी नगरपरिषदेकडून काय मागायचं? शिफारशीचं पत्र. सभेचा ठराव आणि 'शासनाकडे प्रस्ताव पाठवला' याची जावक क्रमांकासह प्रत. एवढं मुख्याधिकारी आणि नगराध्यक्ष नक्की देऊ शकतात, आणि राज्यस्तरावर भांडणाऱ्या संघटनेला अशा प्रतींचा उपयोग होतो.

मधल्या दोन भागांत फरक करायला जुन्या, जाणत्या लेखापालाची मदत घ्या. लेखा विभाग हा आपला शत्रू आहे असं संघटनेत शिकवलं जातं, ते मला कधीच पटलं नाही. कोणत्या लेखाशीर्षात किती पैसे शिल्लक आहेत हे तो माणूस पाच मिनिटांत सांगतो. सांगत नसेल तर माहितीचा अधिकार आहे, तीस दिवस लागतील. पण आधी चहा पिऊन विचारा.

दुसरी पायरी: मागणीपत्र

1884 साली नारायण मेघाजी लोखंड्यांनी मुंबईच्या गिरणी कामगारांची सभा घेतली आणि साडेपाच हजार सह्यांचं निवेदन कारखाना आयोगापुढे ठेवलं. त्यात मागण्या मोजक्याच होत्या. रविवारची सुट्टी. दुपारी अर्धा तास विसावा. सकाळी साडेसहा ते सूर्यास्त एवढंच काम. आदल्या महिन्याचा पगार पुढच्या पंधरा तारखेच्या आत. कामावर इजा झाली तर भरपाई. प्रत्येक मागणीत एक वार, एक वेळ, एक तारीख किंवा एक ठरावीक प्रसंग आहे. 'कामगारांना न्याय मिळावा' असं मोघम त्यात काही नाही. रविवारची सुट्टी मिळायला 1890 साल उजाडलं, पण काय मागितलं होतं याबद्दल कोणाला शंका घेता आली नाही. मला या निवेदनाबद्दल फार आदर वाटतो, आणि नव्या चिटणिसानं पहिलं पत्र लिहिण्याआधी ते आठवावं असं वाटतं.

गमबुटाच्या फजितीनंतर आमची मागणी अशी लिहिली जाऊ लागली: 'सफाई विभागातील स्त्री-पुरुष कामगारांच्या पायाच्या मापांची यादी सोबत जोडली आहे. या मापांचे गमबूट 31 मेपूर्वी हजेरी शेडवर मिळावेत. खरेदीपूर्वी नमुन्याचा एक जोड दोन महिला आणि दोन पुरुष कामगारांना दाखवावा.' यादी करायला आम्हाला दोन सकाळी लागल्या. मुकादमानं बीटवर जाताना प्रत्येकाला विचारलं, एका मुलीनं वहीत उतरवून घेतलं. पुढच्या वर्षी आलेले बूट वापरले गेले.

मागणीपत्र एका पानापेक्षा मोठं करू नका. आकडे आणि नावांच्या याद्या मागे जोडा. दोन प्रती न्या, एक आवक बारनिशीत द्या आणि दुसरीवर शिक्का, क्रमांक, तारीख घेऊन या. नव्या कार्यकर्त्यांना पोहोच मागायला संकोच वाटतो, साहेबांवर अविश्वास दाखवल्यासारखं वाटतं. तसं काही नसतं. आवक लिपिकाचं ते रोजचं काम आहे.

वेळही साधा. खात्यांकडून अंदाजपत्रकाचे आकडे हिवाळ्यात मागवले जातात. तरतूद लागणाऱ्या मागण्या दिवाळी संपली की द्यायच्या. मार्चमध्ये दिलेल्या पत्राला 'पुढील वर्षी' हेच उत्तर मिळणार, आणि ते देणाऱ्याचा त्यात दोष नसतो.

तिसरी पायरी: भांडण नसताना बैठक

आमच्याकडे बैठक व्हायची ती कोणीतरी काम बंद ठेवल्यावर. चौकात कचऱ्याचे ढीग, नगरसेवकांचे फोन, पत्रकार दारात, आणि अशा वेळी दोन्ही बाजू एकमेकांसमोर बसायच्या. तेव्हा कोणी कोणाचं ऐकत नाही. साहेबांना रस्ता मोकळा करायचा असतो आणि आम्हाला बाहेर थांबलेल्या माणसांना काहीतरी घेऊन जायचं असतं. तोंडी आश्वासन मिळतं, घोषणा होते, दोन महिन्यांनी सगळं पहिल्यासारखं.

म्हणून पहिल्या भेटीत एकच गोष्ट मागा: दर महिन्याला एक ठरलेला दिवस. उदाहरणार्थ दुसरा मंगळवार, सकाळी साडेअकरा. वेळ मुद्दाम सांगतो आहे. सफाईची माणसं पहाटे सहाला हजेरी लावतात. संध्याकाळी पाचची बैठक ठेवली की बायका येऊ शकत नाहीत, कारण घरी पाणी यायची आणि स्वयंपाकाची तीच वेळ. मग टेबलावर सगळे पुरुष, आणि बुटाचं माप पुन्हा चुकतं. बीट संपवून येता येईल अशी वेळ ठेवा आणि तो वेळ कामावरचा धरला जाईल हे आधी ठरवून घ्या.

कोणी बसायचं? प्रशासनाकडून मुख्याधिकारी किंवा त्यांनी लेखी अधिकार दिलेला अधिकारी, आस्थापना, लेखा, स्वच्छता निरीक्षक. निर्णय घेऊ शकेल असा माणूस नसेल तर बैठक पुढे ढकला, नुसती हजेरी लावून उठू नका. संघटनेकडून पाच जण पुरेत, त्यातल्या दोन तरी बायका, एक कंत्राटी कामगार. बोलणारा एक, लिहिणारा दुसरा. बोलता बोलता लिहिणं कोणाला जमत नाही.

विषयपत्रिका चार दिवस आधी द्या. पहिला विषय कायम 'मागील बैठकीच्या इतिवृत्तावरील कार्यवाही' हाच असला पाहिजे. त्यानंतर चार-पाच विषय, जास्त नाही. त्यातला एक तरी प्रशासनाचा असू द्या: गैरहजेरी, सणाच्या दिवशीची पाळी, ओला-सुका कचरा वेगळा न येणं. संघटना त्यांचा विषय ऐकून घेते हे दिसलं की ते आपल्या विषयाला वेळ देतात. आमच्याकडे गणपती विसर्जनाच्या रात्रीच्या पाळ्या दरवर्षी वादात असायच्या. एका बैठकीत आम्हीच पाळ्यांची यादी करून नेली आणि बदली सुट्टीच्या तारखा तिच्यातच लिहून नेल्या. त्या वर्षी वाद झाला नाही.

बोलण्याबद्दल थोडं. तिथे बसलेल्या प्रत्येकाला 'तुम्ही' म्हणा, मुकादमालाही आणि झाडू मारणाऱ्या मावशींनाही, आणि साहेबांनीही तसंच म्हणावं याचा आग्रह धरा. वर्षानुवर्षं ज्यांना नावानं आणि एकेरीत हाक मारली गेली त्या माणसांना खुर्ची देऊन समोर बसवलं की खोलीतला आवाज बदलतो. खुर्च्या कमी पडल्या तर बैठकीआधी मागवून घ्या. कामगारांना उभं ठेवून झालेल्या बैठका मी पाहिल्या आहेत. त्यांतून काही चांगलं निघालेलं मला आठवत नाही.

चौथी पायरी: इतिवृत्त

सगळा लेख विसरलात तरी हा भाग विसरू नका.

मुख्याधिकारी राज्य सेवेतले असतात आणि बदलून जातात. माझ्या नोकरीत मी बरेच पाहिले. त्यांतले बहुतेक भले होते. एक साहेब खरोखर मनाचे मोठे, बारा जणांच्या आश्वासित प्रगतीच्या फायली स्वतः बघतो म्हणाले. सगळ्यांसमोर म्हणाले. दीड महिन्यानं त्यांची बदली झाली. नव्या साहेबांना आम्ही सांगितलं, 'आधीच्या साहेबांनी कबूल केलं होतं.' त्यांनी शांतपणे विचारलं, 'कुठे लिहिलंय?' त्यांचं चुकलं नाही. कुठेच लिहिलं नव्हतं. त्या बाराजणांपैकी दोघं लाभ हातात पडायच्या आधी निवृत्त झाले, आणि सुधारित पेन्शनसाठी त्यांना पुढची दोन वर्षं कार्यालयाच्या पायऱ्या चढाव्या लागल्या.

त्यामुळे बैठक संपताना, उठण्याआधी, निर्णय मोठ्यानं वाचून दाखवायचे आणि तिथेच कच्च्या कागदावर दोन्ही बाजूंच्या सह्या घ्यायच्या. टाइप केलेलं पक्कं इतिवृत्त सात दिवसांत यावं. ते आलं की प्रत्येक शब्द कच्च्या कागदाशी ताडून बघा.

सरकारी मराठीतली काही वाक्यं ओळखायला शिका. 'सकारात्मक विचार करण्यात येईल' म्हणजे निर्णय झालेला नाही. 'नियमानुसार कार्यवाही करण्यात येईल' म्हणजे कोणता नियम, कोण करणार आणि कधी, हे तिन्ही प्रश्न तसेच राहिले. 'तपासून पाहण्यात येईल' यात तपासणारा कोण ते नाही. 'शासनाचे मार्गदर्शन मागविण्यात येईल' हे कधी कधी खरंच आवश्यक असतं, पण मग पत्र कोणत्या तारखेला जाईल तेही लिहून घ्या. टिपणी मी स्वतः वर्षानुवर्षं लिहिल्या, आणि ही वाक्यं हाताला किती सहज येतात ते मला ठाऊक आहे. लिहिणाऱ्याच्या मनात कपट असतंच असं नाही. उद्या कोणी जाब विचारू नये एवढीच काळजी असते.

त्याऐवजी प्रत्येक निर्णयात चार गोष्टी मागा: काय, कोण, कधीपर्यंत, आणि पैसे कुठून. 'प्रभाग दोनच्या हजेरी शेडमध्ये नळजोडणी पाणीपुरवठा अभियंता यांनी 20 तारखेपर्यंत पूर्ण करावी, खर्च देखभाल-दुरुस्ती शीर्षातून.' असं वाक्य नव्या साहेबांसमोर ठेवलं की त्यांना आधीच्या साहेबांना विचारावं लागत नाही. जिथे 'नाही' असं उत्तर आलं तिथे तेही लिहून घ्या, कारणासकट. 'तरतूद नसल्याने या वर्षी शक्य नाही' हे वाक्यसुद्धा पुढच्या दिवाळीनंतर कामाला येतं.

पगार, पाळ्या, भत्ते यांसारख्या मोठ्या गोष्टी इतिवृत्तावर सोडू नका. त्यांचा रीतसर करार करा, दोन्ही बाजूंच्या सह्यांनिशी, आणि त्याची प्रत कामगार खात्याकडे जाऊ द्या. समेट अधिकाऱ्यांसमोर झालेला करार संघटनेत नसलेल्या कामगारांनाही लागू होतो आणि नगरपरिषदेलाही बांधतो.

इतिवृत्ताची एक प्रत हजेरी शेडवर लावा आणि वाचून दाखवा. ज्यांना वाचता येत नाही त्यांना आपल्या वतीनं काय ठरलं हे कळायलाच हवं. पदाधिकारी आतल्या आत काहीतरी करून येतात हा संशय संघटना पोखरतो.

पाचवी पायरी: कंत्राटी कामगारांना खोलीत आणा

आज कित्येक नगरपरिषदांत घंटागाडीवरची आणि रस्ते झाडणारी बरीच माणसं ठेकेदाराकडची आहेत. कायम कामगारांची संघटना स्वतःपुरती बोलत राहिली तर काही वर्षांत बोलायला माणसंच उरणार नाहीत, कारण कायम माणूस निवृत्त होतो आणि त्याची जागा भरली जात नाही.

प्रशासनाचं नेहमीचं उत्तर असतं, 'ते ठेकेदाराचे कामगार, आमचा संबंध नाही.' संबंध आहे. ठेकेदारानं पगार दिला नाही तर तो देण्याची जबाबदारी मूळ मालकावर, म्हणजे नगरपरिषदेवर येते, हे 1970 च्या कंत्राटी कामगार कायद्यात होतं आणि आताच्या संहितांमध्येही आहे. वेतन संहितेप्रमाणे महिन्याचा पगार पुढच्या महिन्याच्या सात तारखेच्या आत व्हायला हवा.

बैठकीत यासाठी एक साधी गोष्ट पदरात पाडून घ्या: ठेकेदाराचं बिल मंजूर होण्याआधी त्याला आदल्या महिन्याची बँकेतून पगार जमा झाल्याची यादी, पीएफ आणि ईएसआयचं चलन नावानिशी जोडलेलं असावं. ते तपासून लेखा विभागानं शेरा द्यावा. नगरपरिषदेला यात एक रुपया जास्त लागत नाही. आम्ही हे सुरू केलं तेव्हा पहिल्या महिन्यात ठेकेदार चिडला, दुसऱ्या महिन्यात त्यानं चलन आणलं. काही जणांचे पीएफ क्रमांकच काढलेले नव्हते, हे त्या यादीमुळे उघड झालं.

कंत्राटी माणसांची आपलीही एक वही ठेवा: नाव आधारवर आहे तसं, कामाला लागल्याची तारीख, बीट, कोणत्या ठेकेदाराकडे किती काळ. मुंबईत कचरा वाहतूक श्रमिक संघानं अनेक वर्षं लढा दिला आणि 2017 साली सर्वोच्च न्यायालयानं 2,700 सफाई कामगारांना कायम करण्याचा निर्णय उचलून धरला. एवढा मोठा निकाल हातात आल्यावरही कागदोपत्री नावांत तफावत असल्यानं अनेकांच्या नेमणुका रखडल्या. एका वेलांटीनं माणसाची वर्षं जातात.

गटारात आणि टाकीत माणूस उतरवण्याचा विषय निघाला तर तडजोड करू नका. हातानं मैला साफ करायला लावण्यावर बंदी घालणारा 2013 चा कायदा स्पष्ट आहे, आणि अशा मृत्यूला तीस लाख रुपये भरपाई देण्याचा आदेश सर्वोच्च न्यायालयानं ऑक्टोबर 2023 मध्ये दिला आहे. यंत्र नसेल तर त्या दिवशी ते काम होणार नाही, हे इतिवृत्तात लिहून घ्या.

एकापेक्षा जास्त संघटना असतील तर

असतातच. एक सफाईवाल्यांची, एक कार्यालयीन कर्मचाऱ्यांची, एक अमुक पक्षाची. प्रशासन प्रत्येकीला वेगळं भेटतं, प्रत्येकीला वेगळं सांगतं. बैठकीच्या आधी तासभर एकत्र बसा आणि ज्या तीन मागण्यांवर एकमत आहे त्याच न्या. 51 टक्क्यांचा हिशेब पुढे कधीतरी होईलच; तोपर्यंत वर्गणीच्या पावत्या आणि सदस्यांची यादी चोख ठेवा.

अडलं तर

सलग तीन बैठकांत तोच विषय पुढे ढकलला गेला तर मुख्याधिकाऱ्यांना स्मरणपत्र, त्याची प्रत नगराध्यक्ष आणि जिल्हाधिकारी कार्यालयाच्या नगरपालिका शाखेला. पंधरा दिवसांत हालचाल नाही, तर कामगार खात्याच्या समेट अधिकाऱ्यांकडे जा. त्यांच्यासमोर जाताना निवेदनांच्या पोहोच आणि इतिवृत्तं यांची तारखेनुसार लावलेली फाईल न्या. तिथे भाषण चालत नाही, फाईल चालते.

संपाचे नियम आता सगळ्याच आस्थापनांना सारखे आहेत. नोटीस द्यावी लागते, नोटिशीनंतर 14 दिवस थांबावं लागतं, समेट चालू असताना आणि तो संपल्यावर सात दिवस संप करता येत नाही. निम्म्या किंवा जास्त कामगारांनी ठरवून एकाच दिवशी किरकोळ रजा टाकली तर तोही संपच धरला जातो, हे नव्या मुलांना आवर्जून सांगा. 'रजा टाकून घरी बसू' हा जुना मार्ग आता धोक्याचा आहे. शिवाय मेस्मा, म्हणजे अत्यावश्यक सेवांतल्या संपावर बंदी घालू देणारा राज्याचा कायदा, आहेच.

संपाचा हक्क मी कमी लेखत नाही. तो नसता तर आपल्याला कोणी बैठकीला बोलावलंच नसतं. पण जानेवारी 2019 मध्ये बेस्टचा संप नऊ दिवस चालला, मुंबईकर रस्त्यावर ताटकळले, कामगारांच्या घरात काळजी, आणि अखेर उच्च न्यायालयामार्फत निवृत्त न्यायमूर्तींना मध्यस्थ नेमून बोलणी सुरू झाली. नऊ दिवसांनंतर जे टेबल मांडावं लागलं ते आधी मांडता आलं असतं, असं मला तेव्हाही वाटलं होतं.

प्रशासनाच्या बाजूला नवे असाल तर

रुजू झाल्यावर पहिल्या पंधरवड्यात एक दिवस पहाटे सहाला हजेरी शेडवर जा. कोणाला न सांगता जा. तिथे पाणी आहे का, बायका कपडे कुठे बदलतात, हजेरी कोण आणि कशी घेतो, झाडू कोणत्या अवस्थेत आहेत हे डोळ्यांनी बघितलंत तर पहिल्या बैठकीतले निम्मे विषय तुम्हाला आधीच ठाऊक असतील. मग आस्थापना लिपिकाकडून मागच्या दोन वर्षांची इतिवृत्तं मागवा आणि 'प्रलंबित' असा शेरा असलेले मुद्दे एका कागदावर काढायला सांगा. इतिवृत्तं सापडत नसतील तर संघटनेच्या चिटणिसाला विचारा, त्याच्याकडे असतील.

पाळीची वेळ किंवा बीट बदलायचं ठरवत असाल तर आदेश काढण्याआधी संघटनेला मसुदा दाखवा. 21 दिवसांच्या सूचनेचा नियम बाजूला ठेवला तरी कोणत्या गल्लीत सकाळी सातला शाळेच्या रिक्षा येतात आणि झाडणं अशक्य होतं, हे फक्त झाडणाऱ्यालाच माहीत असतं. आणि पगार उशिरा होणार असेल, अनुदान आलं नसेल, तर ते पाच तारखेला स्वतः शेडवर जाऊन सांगा. दहा तारखेला लोक विचारायला येईपर्यंत थांबू नका. कर्जाचा हप्ता, किराण्याची उधारी, मुलाची फी यांना त्यांनाही तारीख द्यावी लागते.

बदलीचा आदेश हातात पडला की शेवटच्या दिवशी एक काम करा. संघटनेच्या बैठकांची फाईल, वर प्रलंबित मुद्द्यांचं एक पान लावून, पुढच्या साहेबांच्या टेबलावर ठेवा. चिटणिसांनीही पद सोडताना आपल्या फाईलबाबत हेच करावं. माझी फाईल मी ज्या मुलीच्या हातात दिली ती तेव्हा घंटागाडीवर होती, बुटांची मापं तिनंच वहीत उतरवली होती. फाईल घेतल्या घेतल्या तिनं विचारलं, 'काका, पुढची बैठक किती तारखेला?'